खाजणातला तिवर आणि सातबारावरचे नाव





रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा ठाणे-पालघरच्या खाडीकाठी ज्यांचे मूळ गाव आहे, अशा आपल्या बऱ्याच कुटुंबांच्या पत्र्याच्या पेटीत सातबाराचा एक जीर्ण उतारा जपून ठेवलेला असतो. त्यावर आजोबांचे नाव, आजोबांच्या खाली चुलत्यांची नावे, एखाद्या आत्याचे नाव, क्षेत्र वीस-तीस गुंठे, आणि जमीन कसली तर खारातली. गावाला गेले की मुले विचारतात, आपले शेत कुठे आहे? मग बांधावर उभे राहून बोट दाखवायचे. तिथे शेत नसतेच. असतो चिखल, भरतीचे पाणी, आणि डोक्याएवढा वाढलेला तिवर.

या वर्षभरात अशा तीन उताऱ्यांच्या झेरॉक्स आमच्या हाती आल्या. आम्ही कचेरीत कारकुनी करणारे, चार अर्ज लिहून देणारे, म्हणून लोक कागद घेऊन येतात. तिघांचे तालुके वेगळे, पण विचारणे एकच. या जमिनीचे करायचे काय? त्यांतले एक काका गोदीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भाऊ, भात पिकवावं तर मीठ. विकावी तर वर्ग दोनची जमीन. झाडं तोडावी तर केस होईल म्हणतात. मग आमची आमची म्हणायची ती कशापुरती? नुसता सारा भरण्यापुरती?"

काकांचा प्रश्न बिनतोड आहे. पर्यावरणावर भाषणे करणारे पुष्कळ असतात. पण ज्याच्या नावावर ती पाणथळ जागा आहे त्याने संसार कसा करायचा, हे त्या भाषणात सहसा येत नाही. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेत आहोत.

आधी ही जमीन झाली कशी, ते पाहू. खाडीच्या काठाला समुद्राचे पाणी भरतीला चढते, ओहोटीला उतरते. आपल्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून ते पाणी बाहेर थोपवले आणि आत भातशेती केली. तीच खारजमीन. बांधाला जागोजागी उघाडी ठेवलेली असते. उघाडीचा दरवाजा असा बसवलेला, की ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर जाते आणि भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने दरवाजा मिटतो. जून महिन्याचा पहिला पाऊस मातीतले मीठ धुऊन नेतो, आणि मग मीठ सोसणारे भात तिथे धरते. गोव्यातही हीच पद्धत आहे. तिथे या जमिनीला खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. अभियंत्याची पदवी नसलेल्या माणसांनी उभे केलेले हे काम शेकडो वर्षे टिकले.

टिकले याचे कारण माणसांची मेहनत. खेकडे आणि उंदीर बांधाला भोके पाडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्या भोकाची खांड होते. एकदा खांड पडली की एका रात्रीत अख्खे खार खाऱ्या पाण्याखाली. म्हणून दर उन्हाळ्यात घरटी माणूस बांधावर राबायचा. अलिबाग-पेणकडे या सामाईक कामाच्या पद्धतीला जोळ म्हणत. बांध ज्याने घातला आणि ज्याने राखला तो कूळ. धान्य मात्र खोताच्या घरी जायचे. अलिबाग तालुक्यातील चरी गावचा शेतकऱ्यांचा संप याच खारपट्टीतला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तो सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची शेते कसायचे सोडून दिले. पूज्य बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. पुढे १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला, १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याचे नाव सातबाराला लागण्याचा रस्ता मोकळा झाला. आपल्यापैकी काहींच्या जमिनी वतनाच्या. ती वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. काकांच्या उताऱ्यावरचे 'वर्ग दोन' तिथून आले आहे.

म्हणजे नाव लागायला दोन पिढ्या झिजल्या. आणि नाव लागले त्याच सुमाराला हात कमी पडू लागले. घरातला तरुण गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महानगरपालिकेत लागला. मनीऑर्डर गावाला येऊ लागली, पण बांधावर टाकायला चिखलाची पाटी उचलणारा उरला नाही. सरकारने १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये खारजमिनीचे कायदे केले, खारभूमी खाते बांधांची कामे करते. काही बांध त्यामुळे उभे आहेत. पुष्कळ ठिकाणी खांड पडली ती पडलीच.

खांड पडल्यावर काय होते हे पाहण्यासारखे असते. पहिल्या वर्षी जमीन पांढरी पडते. भरतीबरोबर तिवराच्या बिया वाहत येतात आणि चिखलात रुजतात. मागाहून कांदळ येतो, चिपी येते, काठाला काटेरी मारांडी दिसू लागते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. आठ-दहा वर्षांत तिथे वन उभे राहते. याला पुस्तकात खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात, गावात सगळ्याला मिळून तिवरे म्हणतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होते, २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. त्यात लागवड आहे, आपोआप उगवलेलेही आहे. आणि आपोआप उगवलेल्यातला काही भाग काकांसारख्यांच्या खारात उभा आहे.

आता कायदा. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातील कांदळवन तोडण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने सांगितले की कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला होय. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा आधार तिथे घेतला आहे. जमीन सरकारी असो वा खासगी, तिवर उभा असेल तर ती सागरी किनारा नियमातल्या सर्वांत कडक वर्गात येते. भोवतालच्या पन्नास मीटरमध्येही बांधकाम करता येत नाही. सार्वजनिक कामासाठी तोड करायची झाली तरी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

हा निकाल चांगला आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का ते खाली सांगतो. पण निकालाचा बोजा कोणावर पडला तेही पाहिले पाहिजे. मालकी गेली नाही, नाव तसेच आहे, फक्त जमिनीतून काही मिळवण्याचे रस्ते बंद झाले. मग काय होते? रोप लहान असतानाच कोणीतरी रात्री जाऊन ते उपटतो. कोणी मातीचा डंपर रिकामा करतो. कोणी उघाडी मुद्दाम बंद करून आतले पाणी कोंडतो, म्हणजे तिवर आपोआप मरेल आणि तोडले असे कोणी म्हणणार नाही. यातले प्रत्येक काम बेकायदा आहे, आम्ही त्याचे समर्थन करत नाही. पण झाड उगवले की नुकसान, अशी गोष्ट ज्याच्या वाट्याला येते त्याने झाडावर माया करावी ही अपेक्षा फार मोठी आहे. पोटाला घालून मग उपदेश करावा.

आम्ही बी.कॉम. झालेले, आम्हाला जमाखर्चाशिवाय सुचत नाही. तेव्हा तिवराचाही जमाखर्च मांडून पाहू. खर्चाची बाजू वर आलीच. जमेची बाजू अशी की तिवराच्या मुळांत कोळंबी, खेकडे, बोय, जिताडा यांची पिल्ले वाढतात. खाडीत जे जाळे टाकतात त्यांची कमाई या मुळांतून सुरू होते. तिवर वाऱ्याचा आणि लाटेचा जोर मोडतो, गाळ धरून ठेवतो, काठ खचू देत नाही. पावसाचे आणि भरतीचे पाणी एकदम आले की पाणथळ जागा ते पसरून घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे काठ आणि तिथले तिवर भराव घालून आवळलेले होते, पाणी झोपडपट्टीत आणि चाळीत शिरले. कुर्ला-कलिन्याच्या आपल्या किती भगिनींचे संसार त्या रात्री वाहून गेले ते आम्ही इथे वेगळे सांगायला नको.

पण जमाखर्च नीट पाहा. ही सगळी जमा कोणाच्या खात्यात जाते? मासेमाराच्या, शेजारच्या गावाच्या, शहराच्या. आणि खर्च एकट्या सातबारावाल्याच्या नावे. हिशेब लिहिणारा कोणीही सांगेल की ही वही जुळत नाही. ती जुळवायची तर ज्यांना फायदा होतो त्यांच्याकडून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, मालकाला काही द्यावे लागेल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत हे घडले आहे. त्या देशाने पाणथळ जागांचा आपल्याहून जास्त नाश केला. १८४९-५० मध्ये त्यांच्या संसदेने कायदेच केले, की दलदलीच्या जमिनी राज्यांनी घ्याव्यात आणि पाणी काढून लागवडीखाली आणाव्यात. जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ घालून पाणी ओढून काढायचे, चर खणायचे, असे शे-दोनशे वर्षे चालले. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या देशात १७८० च्या दशकात २२ कोटी १० लाख एकर पाणथळ जमीन होती. १९८० च्या दशकापर्यंत ती १० कोटी ४० लाख एकरांवर आली. सरकारी अहवालातच हिशेब दिला आहे, दर तासाला साठ एकर, सलग दोनशे वर्षे. उरली त्यातली बहुतेक खासगी मालकीची.

१९८५ मध्ये तिथे कायदा झाला की जो शेतकरी पाणथळ जागा कोरडी करून पीक घेईल त्याचे सरकारी अनुदान बंद. ही झाली काठी. पण काठीने भागले नाही. १९९० च्या शेती कायद्यात मालकासाठी योजना आली. तिचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. शेतकरी आपण होऊन अर्ज करतो. जमीन त्याच्याच नावावर राहते, कर तोच भरतो, मुलाबाळांना वारशाने देऊ शकतो, विकूही शकतो. सरकार त्याच्याकडून एकच हक्क विकत घेते, तो म्हणजे ती जमीन कोरडी करून नांगरण्याचा हक्क. कायमचा करार असेल तर त्या हक्काची पूर्ण किंमत मिळते, तीस वर्षांचा असेल तर कमी. शिवाय जमीन पूर्ववत करण्याचा खर्च, म्हणजे जुने नळ फोडणे, चर बुजवणे, छोटे बांध घालणे, हा बहुतांश सरकार करते. मालक तिथे फिरू शकतो, मासे धरू शकतो. १९९३ साली मिसिसिपी नदीला महापूर आला तेव्हा पुरात बुडालेल्या कित्येक शेतकऱ्यांनी विचार केला, की दर काही वर्षांनी बुडणाऱ्या शेतात पुन्हा पेरण्यापेक्षा हा करार बरा. योजनेखाली वीस लाख एकरांहून जास्त जमीन आली. २०१४ मध्ये ती दुसऱ्या योजनेत मिसळली गेली, पण पद्धत तीच राहिली.

अमेरिकेचे सगळे गोड नव्हते हेही सांगून ठेवतो. ज्या शेती खात्याने हे करार केले त्याच खात्यावर काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये दावा लावला, की कर्ज आणि मदत देताना आम्हाला वर्षानुवर्षे डावलले. १९९९ मध्ये सरकारला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. योजना कागदावर सर्वांसाठी असते. खिडकीवर कोण आधी पोहोचतो आणि खिडकीतला माणूस कोणाचा कागद वर ठेवतो, हे निराळे. आम्ही स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, तेव्हा आम्हाला हे ठाऊक आहे.

आपल्याकडे खासगी मालकाने तिवर राखल्याचे उदाहरण विक्रोळीत आहे. ठाणे खाडीकाठच्या गोदरेज कंपनीच्या जमिनीवरचे कांदळवन पूर्व द्रुतगती मार्गावरून जाता-येता दिसते. १९८५ मध्ये कंपनीने त्यासाठी एक वेगळे केंद्र काढले, अभ्यासक नेमले. शहराच्या मध्ये ते वन टिकले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण कंपनीला त्या जमिनीवर भाकरी मिळवायची नव्हती. ज्याचे सगळे खाते वीस गुंठ्यांचे, त्यात नऊ हिस्सेदार, त्याला कंपनीचे उदाहरण देऊन उपयोग नाही.

त्याच्यासाठी काय आहे? महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान झाले. २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. तिच्यात तिवर उभा ठेवूनच उत्पन्न काढण्याच्या धंद्यांना मदत आहे. खेकडापालन, कालवे आणि शिणाण्यांची शेती, शोभेचे मासे, मधमाश्या, पर्यटन. मूळ निर्णयाप्रमाणे गटाने काम केले तर खर्चाचा ९० टक्के भाग शासनाचा आणि १० टक्के गटाचा. एकट्याने केले तर ७५ टक्के शासनाचा आणि २५ टक्के त्याचा. ज्यांच्या खासगी जमिनीत कांदळवन आहे त्यांचाही विचार या योजनेत आहे, आणि ही गोष्ट आपल्या लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकालाही ती माहीत नव्हती.

वेंगुर्ल्याला स्वामिनी नावाचा महिलांचा बचत गट आहे. मांडवी खाडीत या भगिनी स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना तिवरे, कांदळ, पक्षी दाखवून आणतात. २०१७ च्या सुमारास त्यांनी हे सुरू केले. ज्या झाडांना गावात कोणी विचारत नव्हते त्यांची नावे सांगून त्या कमाई करू लागल्या. सगळ्याच गावांना होडीचा धंदा जमणार नाही हे उघड आहे. पाहुणा वेंगुर्ल्याला येतो, आपल्या खांड पडलेल्या खारात कशाला येईल? खेकड्याचे तसे नाही. चिंबोरीला मुंबईच्या बाजारात नेहमीच गिऱ्हाईक असते. तिवरातच जाळीचे कुंपण घालून पिल्ले सोडायची, हलक्या मासळीचे खाद्य द्यायचे, आठ-दहा महिन्यांनी मोठी झालेली काढायची. झाडाला हात लावावा लागत नाही, उलट झाडाची सावली आणि भरतीचे पाणी हवेच असते. अडचणी आहेत. पिल्ले वेळेवर मिळावी लागतात, जाळी फाटली की माल पळतो, खेकडा खेकड्याला खातो, आणि राखण नसेल तर चोरी ठरलेली. मुंबईत बसून हा धंदा होत नाही. गावात राहणारा भाऊ किंवा भावजय त्यात हवी, आणि राबणाऱ्याचा हिस्सा आधी लिहून ठेवायला हवा.

आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. खाजणात ज्याचे नाव नाही असाही एक वर्ग आहे. आपल्याच वाडीतल्या भूमिहीन बाया, कातकरी बांधव, ओहोटीला चिखलात उतरून निवटे, शिंपल्या, खेकडे काढतात. त्यावर त्यांची संध्याकाळची चूल पेटते. खांड पडल्यापासून ती जागा त्यांना मोकळी आहे. उद्या मालकाने योजनेतून जाळी मारली तर पहिली गदा त्यांच्यावर येईल. खोताने कुळाला जसे वागवले तसे आपण सातबारा हातात आल्यावर दुसऱ्याला वागवू नये. तेव्हा गट करतानाच या बायांना गटात घ्यावे, किंवा निदान जाळीबाहेर ठरावीक पट्टा आणि येण्या-जाण्याची वाट सोडावी, आणि ते ग्रामसभेत नोंदवावे. नुसत्या तोंडी आश्वासनावर हे ठेवू नये.

पुन्हा जमिनीकडे येऊ. आमच्या बोलण्याचा अर्थ सगळे बांध सोडून द्यावेत असा कोणी घेऊ नये. जिथे बांध धड आहे आणि आत भात पिकते तिथे खारभूमी खात्याच्या मागे लागून तो बांध दुरुस्त करून घ्यावा. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे, तिथे मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती निघाल्या आहेत. भातही गरिबाला लागतेच. आणि सामाईक बांध एकट्याने आपल्या मनाने फोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात मीठ ओतणे. पण जिथे समुद्र शिरून दहा-पंधरा वर्षे झाली, तिवर डोक्यावर गेला, तिथे पुन्हा भाताची आशा धरून बसण्यात अर्थ नाही. ती जमीन पाणथळ झाली असे मान्य करून तिच्यातून काय मिळते ते पाहावे.

अशी जमीन सुधारायची तर रोपे लावण्याचा सोहळा करण्याआधी पाणी पाहावे. पाहुण्यांना बोलावून, फोटो काढून चिखलात रोपे खोचतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती मेलेली असतात, असे अनेक देशांत झाले आहे. तिवराला दिवसातून काही वेळ पाणी आणि काही वेळ उघडा चिखल लागतो. एखाद्या जुन्या आडव्या बांधामुळे पाणी आत कोंडले असेल, किंवा भराव पडून भरती पोहोचत नसेल, तर आधी ते पाणी खेळते करावे लागते. पाणी खेळू लागले आणि जवळपास जुनी झाडे असली की बी आपण होऊन येते. मात्र खोदकाम, नाली, उघाडी यांतले काहीही वनखात्याला आणि खारभूमी खात्याला विचारल्याशिवाय करू नये. चांगल्या हेतूने फावडे मारले तरी पंचनामा होतोच.

आता कुटुंबातल्या कुटुंबात करायचे काम. यात बहुतेकांचे घोडे अडते. आजोबा वारून तीस वर्षे झाली तरी वारसनोंद झालेली नसते. कोणतीही योजना, कोणतीही भरपाई, कोणताही करार सातबारावर जिवंत माणसाचे नाव पाहतो. तेव्हा तलाठ्याकडे वारसाचा अर्ज आधी द्यावा. त्यात बहिणींची नावे गाळू नयेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि तो कायदा आपल्यालाही लागू आहे. "ताई, तू सासरी सुखात आहेस, सही करून टाक" म्हणून हक्कसोड पत्रावर सही घेणारे भाऊ आमच्या पाहण्यात आहेत. रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसणारेही त्यांत आहेत. एवढेच लिहितो.

दलालापासून जपावे. खाडीकाठी रस्ता, पूल, बंदर येणार अशी कुणकुण लागली की तो मुंबईच्या पत्त्यावरही शोधत येतो. "तिथे झाडे आहेत, सरकार कधीही घेईल, आत्ता जे मिळते ते घ्या" ही त्याची भाषा. खासगी जमीन झाडे उगवली म्हणून आपोआप सरकारजमा होत नाही. कोणी कोळंबीची तळी खोदू असे सांगेल. तळ्याला तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि तिवर तोडून तळे करताच येत नाही. अलीकडे झाडांनी हवेतला कार्बन धरल्याबद्दल पैसे मिळवून देतो असे सांगणारेही फिरतात. अशी पद्धत जगात आहे हे खरे. पण करार इंग्रजीत असेल, वीस-तीस वर्षांचा असेल आणि पैसे कधी, किती, कोणाच्या खात्यात हे त्यात स्पष्ट नसेल तर अंगठाही देऊ नये, सहीही देऊ नये. आधी चार माणसांना वाचून दाखवावा.

आमची मागणी सरकारकडे अशी आहे, की खेकड्याच्या योजनेवर थांबू नये. ज्याच्या खासगी खारात तिवर उभा आहे आणि जो तो राखतो, त्याला दर गुंठ्यामागे वर्षाला ठरावीक मोबदला बँकेत जमा व्हावा. नऊ हिस्सेदार असतील तर नऊ खात्यांत. धंदा करण्याचे वय आणि भांडवल ज्यांच्याकडे नाही, त्या काकांसारख्यांना खेकडे पाळायला सांगून काय होणार? न्यायालयाने तिवराला जगण्याच्या हक्कात धरले, ते योग्यच केले. राखणदाराचा पगार त्यात धरायचा राहिला आहे. ग्रामसभेत असा ठराव करता येतो, आमदारांना निवेदन देता येते. एका गावाच्या निवेदनाला केराची टोपली मिळेल, खाडीकाठच्या पन्नास गावांच्या निवेदनाला एवढी मोठी टोपली कुठून आणतील?

काकांची वारसनोंद सध्या तलाठ्याकडे आहे. पुतण्या गावातच रिक्षा चालवतो, तो वनखात्याच्या कचेरीत जाऊन आला. तिथल्या साहेबांनी जागा पाहायला येतो म्हटले आहे. वाडीतल्या चार बायांनी गटात येण्याची तयारी दाखवली, त्यांतल्या दोघींना मुळात खेकडा कसा धरायचा हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते.

ज्या वाचकांचा असाच प्रश्न असेल त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर लिहिताना सातबारा आणि आठ-अ यांचे चालू उतारे, गटाचा नकाशा, सगळ्या हिस्सेदारांची नावे (बहिणींसह), जमीन वर्ग एक की दोन, बांधाला खांड कोणत्या साली पडली आणि तिवर आज किती उंच आहे एवढे लिहावे. मूळ कागद पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी.